शबयेक हिशोब नसता

आमच्या पडवीच्या खांबाला क्यूआरचा एक फलक टांगलेला असे. पाहुणा जायला निघाला की बायको आतून ओल्या हातानेच त्याकडे बोट दाखवी, तो फोन समोर धरी, आणि पैसे माझ्या खात्यात येत. मी तेव्हा शाळेत असायचो. हायस्कुलात मी कारकून आहे. टेबलावर फोन एकदा थरथरला की समजायचं, पाहुणे निघाले.

तारकर्लीच्या वाटेवर, माडांच्या बागेत आमचं घर. मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या आणि रस्त्याला ‘न्याहारी व निवास’ अशी पाटी लावली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची जाहिरात नाही. आलेला पाहुणा परत जाऊन दुसऱ्याला सांगतो, तेवढीच. खोल्यांचं मी बघतो, म्हणजे चादरी, टॉवेल, पाण्याची मोटर. जेवणाचं सगळं बायको. मुलगी कुडाळला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे, तिथेच खोली घेऊन राहते, शनिवारी येते.

दसरा उरकल्यावर कुडाळहून एक गृहस्थ आले. चार-पाच ठिकाणची अशी घरं त्यांनी चालवायला घेतलेली होती. आमच्या तिन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर त्यांना करारावर पाहिजे होतं. वर्षाला ठरलेली रक्कम, आचारी त्यांचा, ताटं त्यांची. “वहिनींना काहीच करावं लागणार नाही,” ते म्हणाले, एखादी आनंदाची बातमी द्यावी तसे. बायकोने चहाचा ट्रे ठेवला आणि ती आत गेली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी विसार घेऊन येतो, असं सांगून ते उठले.

त्या संध्याकाळी ती नारळ खवत बसली होती. मी विचारलं, “काय करूया?”

“परवडत नसला तर देवन टाकूया,” ती म्हणाली. “पण परवडता काय नाय, ता एकदा कागदार दिसू देत. तुमच्या खोल्यांचा नाय. माझ्या चुलीचा.”

तिला काय विचारायचं होतं ते मला त्या क्षणी समजलं. आणि खरं उत्तर आमच्या घरात एकट्या माझ्याकडे होतं.

बायकोचा स्वतःचा हिशेब डब्यांत असे. दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे. एक माशांचा, एक गॅसचा, एक नारळ-तेलाचा, एक चतुर्थीचा. माशांचे पैसे संपले की ती गॅसच्या डब्यातून शंभर उचली आणि त्या जागी एक काजूची बी टाकी. पैसे परत ठेवले की बी काढायची. पावसाळ्यात, पाहुणे नसताना, डबे हलवले तर नुसत्या बिया खुळखुळत.

“आई, तुझ्याकडे पैशापेक्षा काजी जास्त आसत,” मुलगी म्हणायची.

“काजी भाजून खावक तरी येतत,” ही म्हणायची.

पण चूल परवडते का, हे डब्यांतून कळत नव्हतं. पाहुण्यांचे पैसे डब्यात येतच नव्हते. ते माझ्या खात्यात येत, आणि तिथून मी तिला लागतील तसे काढून देई. म्हणून मुलीने पुढच्या शनिवारी आल्यावर फोनमधलं एक अ‍ॅप दाखवलं. एकदा परवानगी दिली की ते बँकेचे मेसेज स्वतः वाचतं, जमा किती, खर्च किती, कशावर, सगळं गोल चित्रात रंगवून दाखवतं. जुने मेसेजही वाचतं. काही लिहायला नको.

“सगळे मेसेज?” मी विचारलं.

“बँकेचे, बाबा. तुमच्या फोनात घालूया. खातं तुमचं आहे ना.”

मी फोन हातात घेतला. परवानगी द्या, नाकारा, असे दोन चौकोन समोर आले. मी ‘नाकारा’ दाबलं आणि म्हणालो, “असली अ‍ॅपं उद्या खातं साफ करतात.”

खोटं नव्हतं ते. पण माझी भीती वेगळी होती.

ती काय होती ते आता सांगतो. आजवर कोणाला पुरतं सांगितलं नाही, कारण सांगायला मला जमत नाही. घरात मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो आणि त्या ओळखीच्या आड पुष्कळ काही झाकून राहतं.

बायको पाहुण्यांकडून हातात पैसे घेत नाही. कोणी जेवणावर खूश होऊन नोट पुढे केली की ती हात पाठीमागे घेते. “नको नको, बिल दिलात मां?” म्हणते. तिला ते भीक घातल्यासारखं वाटतं. मग काही पाहुणे काय करत, तर काही न बोलता जात, आणि वाटेत कुठे चहाला थांबले की किंवा घरी पोचल्यावर त्याच फलकाच्या नंबरावर वेगळे पैसे पाठवत. दोनशे, तीनशे, पाचशे. पैशांबरोबर एक ओळ लिहिता येते. ते लिहीत.

पहिली ओळ सांगलीकडच्या एका कुटुंबाची. मुलगा, सून आणि त्यांच्याबरोबर आलेली म्हातारी आई. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी शाळेत दाखल्यांवर शिक्के मारत असताना, पाचशे रुपये आले. ‘आईकडून वहिनींना. बांगड्याच्या तिखल्याने तिला तिचं माहेर आठवलं, वाटेत रडली.’

मी ते दोनदा वाचलं. घरी गेल्यावर सांगायचं ठरवलं. घरी गेलो तर गॅस संपलेला, हिची चिडचिड चाललेली. म्हटलं, रात्री सांगू. रात्री राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, असं होतं. मग महिन्याभराने दुसरी ओळ आली. ती सांगायची तर आधी पहिली सांगायला हवी होती.

एवढंच असतं तर मी विसरभोळा ठरलो असतो. पण तेवढंच नव्हतं. त्या ओळींत माझ्या खोल्यांबद्दल कधी काही नसे. चादर कोणी आठवली नाही. माड कोणी आठवले नाहीत. सगळे तिच्याच हाताचं लिहीत. सोलकढी, घावणे, तिसऱ्यांचं सुकं. मी टेबलाशी बसून वाचायचो आणि मला आनंद व्हायच्याऐवजी छातीत काहीतरी बारीक टोचायचं. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली. बायकोचं कौतुक मला सोसलं नाही.

आणि त्या पैशांना मी नाव दिलं. शबय.

आमच्याकडे शिमग्यात पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरतात. गाडी थांबली की ‘शबय, शबय’ म्हणून गिल्ला करतात. गाडीवाला हसत दहा-वीस रुपये देतो, दोरी खाली होते, गाडी जाते. ज्यांनी दोरी धरली त्यांचे ते पैसे. त्यांनी भजी खाल्ली की काय केलं, कोणी विचारत नाही. माझे वडील म्हणायचे, “शबयेक हिशोब नसता.” मी पण मनात तेच म्हणायचो. तिने तर नकोच म्हटलं होतं. तिने नको म्हटलेले पैसे माझ्याकडे आले, म्हणजे वाटेत सापडलेले, म्हणजे शबय.

त्यांचं काय केलं? सांगण्यासारखं काही नाही. पेट्रोल, चहा, फोनचा रिचार्ज, चष्म्याची फ्रेम. एका दिवाळीला त्यांतून मी तिच्यासाठी साडी आणली. मोरपिशी रंगाची. ती इतकी हरखली की शेजारणीला दाखवून आली. “घोवान मनान हाडल्यान,” नवऱ्याने आपल्या मनाने आणली, असं ती सांगताना मी दारातून ऐकलं.

पाहुणे गेले की ती संध्याकाळी मला विचारी, “काय म्हणाले काय?”

“काय म्हणतले? जेवले, गेले.”

“तोंडार तर बरा म्हणाले.”

“जाताना सगळेच म्हणतत.”

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. बोलता बोलता ते तिचं झालं. कोणी तोंडावर स्तुती केली की तीच म्हणायला लागली, “जाताना सगळेच म्हणतत.” मग तिने माशांच्या रश्शातली तिरफळं कमी केली, बाहेरच्यांना वास आवडत नसेल म्हणून. मग सोलकढी पातळ झाली. एके दिवशी तिने मला बाजारातून पनीर आणायला सांगितलं. मालवणात, मासे सोडून. मी मुकाट्याने आणून दिलं.

आणि आता ती विचारत होती, चूल परवडते का.

मी मुलीला म्हटलं, अ‍ॅप नको, तुझ्या हाफिसात असतं तसं शीट करूया. रकाने पाडून. मी रोज भरेन. माझं अक्षर, माझे आकडे, मला सवय आहे.

बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “म्हणजे तुमी भरतल्यात ताच दिसतला.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला काही माहीत नव्हतं. ती साधं बोलली होती.

“मगे काय व्हया तुका?” मी जरा जोरात विचारलं.

“माका काय कळता त्यातला? आपोआप येता ता बरा, इतक्याच म्हणतंय. कोणाची मेहनत नको.”

मुलीने दोन्हींची तुलना करून बघायची ठरवलं. तिच्या फोनात तिने ते अ‍ॅप स्वतःसाठी लावलेलं होतं, ते दाखवायला लागली. त्यात आमच्या गावच्या जत्रेतल्या ओटीच्या नारळाचे पैसे ‘मनोरंजन’ या नावाखाली गेले होते.

“देवाक कळला तर?” बायको म्हणाली.

“देवाला पण मनोरंजन नको का गो आई.”

“आणि ह्या काय? महिन्याचं उत्पन्न किती, असा विचारता. आमचो महिनो खंय एकसारखो आसता? मे महिन्यात हात पुरणत नाय, नि जुलैत काय उत्पन्न लिवतलंस? पाऊस?”

दोघी हसल्या. मीही हसलो. हसताना मला वाटलं, बरं झालं, हे आमच्या कामाचं नाही असं ठरेल. पण मुलगी म्हणाली, वर्षाचंही करता येतं, मी लावून देते. रविवारी ते गृहस्थ येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी दुपारच्या गाडीने येते, बाबांच्या फोनात घालू, वर्षभराचे मेसेज वाचून घेऊ, मासे-गॅस-नारळ वजा करू. संध्याकाळपर्यंत आईला उत्तर.

तो आठवडा मी शाळेत बसून काढला खरा, पण काय काम केलं ते आठवत नाही. अ‍ॅप नेमकं काय वाचतं हे मला ठाऊक नव्हतं. बँकेचा मेसेज वाचणार, की पाहुण्यांनी लिहिलेल्या ओळी पण उचलणार? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मुलीने विचारलं असतं, कसल्या ओळी?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी दार लोटून घेतलं आणि बँकेचे मेसेज उघडले. बिलाचे मोठे तसेच ठेवले. लहान रकमांचे एकेक करून पुसायला लागलो. दोनशे, गेले. पाचशे, गेले. आठ-दहा पुसले असतील. मग हात थोडा थांबला. मी कारकून आहे. बेरीज-वजाबाकी माझ्या हाडात आहे. हे जे मी पुसतोय ते चुलीच्या जमेच्या बाजूचं आहे. हे गेले की चूल आणखी तोट्यात दिसेल. उद्या संध्याकाळी ती कागद बघेल, परवा सकाळी विसार घेईल आणि स्वयंपाकघराची किल्ली देऊन टाकेल. माझ्या पुसण्यावर.

यावर मी थांबलो, असं लिहिलं तर ते मला शोभून दिसेल. पण मी पुढचा मेसेज दाबला होता. तेवढ्यात बेल झाली आणि एक पालक दाखल्यासाठी दारात उभा राहिला. म्हणून थांबलो.

शनिवारी मुलगी आली. जेवणं झाली. बायको मागच्या पडवीत पाट घेऊन तिसऱ्या काढायला बसली, विळीवर एकेक शिंपला उघडत. मुलगी तिच्याजवळ पायरीवर बसली. “बाबा, फोन.”

मी दिला. तिने ‘परवानगी द्या’ दाबलं. एक गोल फिरत राहिला. फिरतोय फिरतोय, थांबेना. मी खांबाला टेकून उभा होतो. तिसऱ्यांचं पाणी पाटावरून खाली ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

मग पडदा भरला. मुलीच्या खांद्यावरून मी बघितलं. आकडे होते. नुसते आकडे. जमा, खर्च, तारीख. लिहिलेली एकही ओळ नव्हती. अ‍ॅपला फक्त पैसे दिसले होते. पाहुण्यांनी काय लिहिलं ते ज्या अ‍ॅपमधून पैसे आले तिथेच राहिलं होतं, आणि त्याचा आकडी कुलुपाचा नंबर फक्त मला माहीत होता.

मी सुटलो होतो. मी खांबाला टेकूनच खाली बसलो.

मुलगी आकडे लावत गेली. खोल्यांचं भाडं बाजूला, जेवणाचं बाजूला. मासे वजा, गॅस वजा. आईला विचारून विचारून डब्यांतलंही घातलं. शेवटी म्हणाली, “आई, जेमतेम सुटतं गो. हाताशी फार काही उरत नाही.”

“वाटलाच माका,” बायको म्हणाली. विळीवरचा शिंपला उघडला नाही, तिने तो बाजूला टाकला. “मगे उद्या त्याका हो म्हणान सांगूया.”

बस्स. एवढ्यात सगळं ठरलं होतं. तिने रडारड केली नाही, दुसरा शिंपला घेतला.

“बाबा, ही लहान लहान जमा कसली?” मुलगी पडदा वर सरकवत होती. “दोनशे, पाचशे, तीनशे एक. अ‍ॅपने ‘इतर’मध्ये टाकलीयत. याला काय नाव देऊ?”

ती वाट बघत होती. मग तोंडातून जे इतकी वर्षं मनात म्हणत आलो होतो तेच बाहेर पडलं.

“शबय.”

मुलगी खळखळून हसली. “श्रावणात शबय, बाबा? डिसेंबरात शबय?”

बायको हसली नाही. विळीवरचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

“शबय रस्तो अडवणाऱ्याक मेळता,” ती म्हणाली. “तुमी कोणाचो रस्तो अडवलात?”

ती थट्टेत बोलली की तिला काही जाणवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तिला कधी विचारलेलं नाही. पण त्या प्रश्नाला दुसरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

“तुझो,” मी म्हणालो.

मुलीचं हसू तोंडावरच राहिलं. मी फोन मागून घेतला, पैशांचं अ‍ॅप उघडलं, नंबर दाबला आणि बायकोपुढे धरला. तिचे हात ओले होते.

“ह्या काय?”

“पाहुण्यांनी लिवलेला. तुझ्यासाठी. पैसे तुझ्यासाठी होते.”

तिने फोन घेतला नाही. “माका दाखव नकात,” ती म्हणाली. “तुमी वाचा. तोंडान.”

मी वाचायला लागलो. मागे मागे जात. ‘घावणे विसरणार नाही, ताईंना सांगा.’ ‘वहिनींसाठी, सोलकढीबद्दल.’ ‘मुलगा घरी मासे खात नाही, तुमच्याकडे दोनदा मागून खाल्ले.’ ‘आजींच्या हाताला नमस्कार’ — हे लिहिणाऱ्याला ती आजी कशी वाटली कोणास ठाऊक, तिथे मुलगी थोडी हसली आणि लगेच गप्प झाली. मी मध्ये खाकरून परत सुरू करत होतो. घरात मी सलग इतका कधी बोललो नव्हतो. शेवटी सांगलीची ओळ आली. वाटेत रडली, इथपर्यंत वाचून मी फोन खाली केला.

बायकोने सगळं ऐकलं. ऐकताना ती तिसऱ्या काढतच होती, पण काढलेलं मांस आणि रिकामे शिंपले एकाच टोपात पडत होते, आणि तिच्या ते लक्षात आलं नव्हतं.

“ती म्हातारी,” ती म्हणाली, “जाताना माझो हात धरून उभी होती. काय बोलाक नाय. माका वाटला, काय चुकला माझा.”

मी मान खाली घातली.

“आणि मी विचारी, तेव्हा तुमी काय सांगल्यात? जेवले, गेले.”

“व्हय.”

“कित्याक?”

मला खरं कारण सांगता आलं नाही. वर जे लिहिलंय ते इथे कागदावर जमलं, तिच्यापुढे बोलायला जमलं नाही. एवढंच म्हणालो, “माका सोसला नाय.”

तिला ते कळलं असावं. ती उठली, हात धुतले. आत जायला लागली आणि उंबऱ्यापाशी वळली.

“ती साडी?”

मी मान हलवली. ती आत गेली.

मुलगी मागाहून हळूच मला म्हणाली, “बाबा, ते पाचशे-दोनशे धरले तरी फार फरक पडत नाही. चूल जेमतेमच.” मला तर मनातून वाटत होतं की आता आकडे वर चढतील आणि माझं काहीतरी भरून निघेल. आकडे तसेच राहिले.

आतून आवाज आला. “माहीत आसा माका. पैशासाठी नाय विचारूक मी.”

रविवारी ते गृहस्थ विसाराची रक्कम घेऊन आले. बायकोने मला पुढे केलं. “तुमीच सांगा. तोंडान.” मी सांगितलं की खोल्या हव्या तर बोलू, स्वयंपाकघर देणार नाही. ते म्हणाले, स्वयंपाकघराशिवाय खोल्यांत काय आहे. मी म्हणालो, बरोबर आहे तुमचं. ते चहा न घेता गेले. त्या वर्षी ती रक्कम आली असती तर घराची कौलं बदलून झाली असती. ती अजून बदललेली नाहीत.

हिशेबासाठी शेवटी शीटच ठरलं. मुलीने पाडून दिलं, दोघांच्या फोनात उघडतं ते. पडवीतला माझा फलक बायकोने स्वतः उतरवला, तिथे तिच्या खात्याचा लावला. डबे तसेच आहेत, बियांसकट. शीटमध्ये तारीख, जमा, मासे, गॅस, नारळ असे रकाने आहेत आणि शेवटी एक तिने मागून घेतलेला. त्याला तिने नाव दिलं, ‘काय म्हणाले’. मुलगी म्हणाली, आई, याची बेरीज होत नाही. ती म्हणाली, नको होवंदे.

तो रकाना मी भरायचा. पाहुणा निघताना मी घरी असलो तर त्याला मुद्दाम विचारायचं, नसलो तर ती सांगेल ते, आणि तिच्या फोनात आलेली ओळ ती मला दाखवते, तीही. मग संध्याकाळी चुलीपाशी जाऊन ते मोठ्याने वाचायचं. ती ऐकत असते. कधी कधी तिच्या हाताखालचं काम जरा हळू होतं. तिरफळं परत यायला लागली. साडी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, घडी न मोडता. ती नेसलेली मी अजून बघितलेली नाही, आणि ‘नेस’ असं म्हणायची मला छाती नाही.

परवा एक जोडपं येऊन गेलं. निघताना मी विचारलं, जेवण कसं होतं? नवरा म्हणाला, “छान होतं. रस्सा जरा खारट झाला होता.” त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. ते गेले.

मी शीट उघडून बसलो. ‘छान होतं’ असं लिहिलं. बोट तिथेच राहिलं. एवढ्या वर्षांनी तिचा हात मोकळा होतोय, आणि त्यात हे एक वाक्य. नाही लिहिलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? मग मला वाटलं, पुन्हा मीच दोरी धरून रस्त्यात उभा आहे. तिच्यापर्यंत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, ते पुन्हा मीच ठरवतोय.

पुढे लिहिलं, ‘रस्सा खारट.’ आणि जाऊन वाचून दाखवलं.

तिने झाकण उचलून उरलेल्या रश्शात पळी फिरवली, हाताच्या तळव्यावर एक थेंब घेतला, चाखला.

“खरा सांगल्यान त्येना,” ती म्हणाली. “दोनदा मीठ पडला वाटता.” आणि माझ्याकडे न बघता, “बाकीचा पण असाच वाचीत जावा.”